कोरडे डोळे: आधी मोजमाप, मग थेंब

कोरड्या डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या पिशवीतून बहुधा तीन-चार बाटल्या निघतात. एक मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली, एक वहिनींना गुण आला म्हणून आणलेली, एक गेल्या दिवाळीत फोडलेली आणि अजून संपायची. यातल्या कशाने बरं वाटलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘सगळ्यांनीच, पण तेवढ्यापुरतं.’ वर्षभर औषध चालू असतं, पण डोळा सुधारला की बिघडला हे सांगायला हातात एकही आकडा नसतो. मोजमाप नसलं की उपचार म्हणजे बाटल्या बदलणं एवढंच उरतं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी तक्रार आकड्यात मांडायची, मग कोरडेपणा कुठल्या प्रकारचा आहे ते शोधायचं, त्यानंतर उपचार, आणि ठरावीक काळाने तीच मोजमापं पुन्हा.

पण काही तक्रारींना हा क्रम लावायचा नाही. एकाच डोळ्यात जोराची कळ, उजेड अजिबात सहन न होणं, नजर अचानक कमी होणं, काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं, डोळ्यात काही उडणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. भात किंवा ऊस कापताना पात डोळ्याला लागली आणि नंतर डोळा खुपतोय, तर तो कोरडेपणा समजून थेंब घालत बसू नका. तिथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि त्यात डोळा जाऊ शकतो.

पाणी वाहतं, तरी कोरडा कसा?

बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो, जाडीला जेमतेम ३ मायक्रॉन. आतल्या बाजूला डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत म्युसिन मिसळलेलं पाणी आणि वरून तेलाची तलम साय. पाणी अश्रुग्रंथीतून येतं, तेल पापण्यांच्या कडेत ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

तेल कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं, बुबुळाचे कोरडे ठिपके उघडे पडतात, तिथल्या नसा चुरचुरतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला एकदम पाणी सोडायला लावतो. ते पाणी गालावर ओघळतं. ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं, मला ड्राय आय कसा असेल?’ हा प्रश्न रोजचा आहे, आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर हेच.

पाणीच कमी बनतं हा एक प्रकार, पाणी टिकत नाही हा दुसरा. दुसरा जास्त आढळतो आणि पुष्कळांत दोन्ही एकत्र असतात. दोन्हींत शेवटी अश्रू अधिक खारट होतात, डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह सुरू होतो, दाहामुळे अश्रू आणखी बिघडतात. हे चक्र एकदा सुरू झालं की नुसतं पाणी घालून थांबत नाही. पुढे थेंबांखेरीजचे उपचार लागतात ते यासाठी.

पायरी पहिली: तक्रारीला आकडा द्या

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे ओएसडीआय. बारा प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दल. पहिले पाच डोळ्यांबद्दल: उजेडाचा त्रास, वाळू गेल्यासारखं खुपणं, दुखणं, धूसर दिसणं, कमी दिसणं. पुढचे चार कामांबद्दल: वाचन, रात्री गाडी चालवणं, कॉम्प्युटर किंवा एटीएम, टीव्ही. शेवटचे तीन हवेबद्दल: वारा, कोरडी हवा, एसी. प्रत्येकाला ० ते ४ गुण. ० म्हणजे कधीच नाही, ४ म्हणजे सतत.

हिशेब सोपा आहे. सगळ्या गुणांची बेरीज करा, तिला २५ ने गुणा, आणि जितक्या प्रश्नांची उत्तरं दिली तितक्याने भागा. समजा, घरातल्या आजी रात्री गाडी चालवत नाहीत आणि एटीएमवरही जात नाहीत, म्हणून दोन प्रश्न सुटले. उरलेल्या दहांची बेरीज १४ आली. १४ गुणिले २५ भागिले १०, म्हणजे ३५. १२ पर्यंत सामान्य, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम, ३३ पासून पुढे तीव्र. म्हणजे आजी ‘चालतंय गं, वयाचं आहे’ म्हणत असल्या तरी त्यांचा त्रास तीव्र गटातला आहे. सुटलेले प्रश्न शून्य धरून १२ ने भागण्याची चूक नेहमी होते. तसं केलं तर याच आजी २९ वर येतात आणि मध्यम गटात जाऊन बसतात.

पाच प्रश्नांची डीईक्यू-५ ही छोटी प्रश्नावलीही आहे, एकूण गुण २२. त्यात ६ किंवा जास्त आले तर कोरडेपणाची शंका, १२ किंवा जास्त आले तर शोग्रेनसारख्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळग्रंथींवर उलटते, त्या) आजाराचाही विचार करायचा. कुठलीही एक निवडा, पण शेवटपर्यंत तीच वापरा. मध्येच मोजपट्टी बदलली तर तुलना हातची जाते.

आकड्याच्या शेजारी त्रासाची वेळही लिहा. उठल्या उठल्या जास्त आणि दुपारपर्यंत कमी होत असेल, तर पापण्यांच्या कडांची सूज किंवा झोपेत डोळा अर्धवट उघडा राहणं, या दोहोंकडे बोट जातं. सकाळी ठीक, संध्याकाळी सहानंतर हाल, तर स्क्रीन आणि उडून जाणारे अश्रू. आणि मुख्य तक्रार खाजेची असेल, डोळे चोळावेसे वाटत असतील, तर ॲलर्जी आधी तपासायला हवी. कोरडेपणात चुरचुर आणि जळजळ पुढे असते.

पायरी दुसरी: घरी पाहण्यासारख्या गोष्टी

आरशासमोर बसा, दोनदा नीट पापण्या मिटा-उघडा आणि मग डोळे नेहमीसारखे उघडे ठेवून घड्याळ लावा. ताणून धरू नका. १० सेकंदांच्या आत चुरचुरायला लागलं तर ती नोंद महत्त्वाची. हे निदान नव्हे, पण फुकटात मिळणारा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट, मोबाइल लॅपटॉपशेजारी टेकवा आणि काम करताना स्वतःचं पाच मिनिटांचं चित्रण करा. गप्पा मारताना माणूस मिनिटाला सरासरी १५-२० वेळा पापण्या मिटतो; स्क्रीनवर हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं. पण चित्रणात संख्येपेक्षा दुसरं काही बघायचं आहे: वरची पापणी खालच्या पापणीला टेकते का? अनेकांची ती अर्ध्यातूनच परत जाते. मग बुबुळाचा खालचा पट्टा दिवसभर उघडा राहतो आणि तेलग्रंथीही पिळल्या जात नाहीत, कारण तेल बाहेर पडतं ते पापण्या पूर्ण मिटण्याच्या दाबाने.

तिसरं, झोपेत डोळे पूर्ण मिटतात का ते घरच्या कुणाला पाहायला सांगा. चौथं, खाली बघत पापणीच्या केसांच्या मुळांचा जवळून फोटो घ्या. मुळाशी कोंड्यासारख्या नळकांडी खपल्या दिसल्या तर तो डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा असण्याची दाट शक्यता असते.

शेवटी, चालू औषधांची यादी. ॲलर्जीच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीन आणि नैराश्यावरची काही औषधं, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काचबिंदूचे परिरक्षक (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्ह) घातलेले थेंब, हे सगळे डोळे कोरडे करू शकतात. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, पाळी जाणं, लेसिक (चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन), मोतीबिंदूचं ऑपरेशन, याही नोंदी करा. स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना पर्याय विचारायचा.

पायरी तिसरी: दवाखान्यातल्या तपासण्या, योग्य क्रमाने

तपासणीच्या दिवशी काजळ, आयलायनर नको. काँटॅक्ट लेन्स किती दिवस आधी बंद करायच्या ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आधीचे दोन तास डोळ्यात कुठलेही थेंब घालू नका. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक चाचणी पुढच्या चाचणीचा निकाल बिघडवू शकते. डोळ्याला हात न लावता होणाऱ्या आधी, टोचणारी सगळ्यात शेवटी. आल्या आल्या शर्मरची पट्टी (पापणीत अडकवायचा कागद) लावली आणि मग अश्रूपटल, म्हणजे अश्रूंचा तो पातळ थर, किती टिकतं ते मोजलं, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

सुरुवात अश्रूपटल फुटायच्या वेळेपासून. चांगल्या यंत्रावर बुबुळावर वर्तुळं पाडून, रंग न घालता ही वेळ मोजतात. यंत्र नसेल तर फ्लुरोसीनची केशरी पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून, जादा थेंब झटकून, खालच्या पापणीत अलगद टेकवतात. तीनदा पापण्या मिटायच्या आणि समोर बघत राहायचं. स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या उजेडात बुबुळ हिरवंगार चमकतं आणि थोड्या वेळाने त्यात काळा ठिपका किंवा रेघ उमटते. तो क्षण म्हणजे पटल फुटलं. तीनदा मोजून सरासरी काढतात. १० सेकंदांच्या आत असेल तर असामान्य, ५ च्या आत असेल तर बरंच बिघडलेलं.

त्याच रंगात बुबुळावर हिरवे ठिपके उमटतात. तिथल्या पेशी दुखावलेल्या असतात. पांढऱ्या भागासाठी आणि पापणीच्या आतल्या कडेसाठी लिसामिन ग्रीन हा दुसरा रंग वापरतात. बुबुळावर ५ पेक्षा जास्त किंवा पांढऱ्या भागावर ९ पेक्षा जास्त ठिपके हे कोरडेपणाचं लक्षण मानतात. ठिपके कुठे आहेत तेही विचारून घ्या. फक्त खालच्या पट्ट्यात असतील तर पापणी पूर्ण मिटत नसण्याचा संशय बळावतो.

अश्रूंचा खारटपणा, म्हणजे ऑस्मोलॅरिटी, मोजायचं यंत्र मोजक्याच ठिकाणी असतं; असेल तर तो रंग घालायच्या आधीच मोजतात. कुठल्याही एका डोळ्यात ३०८ मिलिऑस्मोल प्रति लिटर किंवा जास्त, किंवा दोन डोळ्यांत ८ पेक्षा जास्त फरक, हा निकष. नसेल तर अडत नाही. २०१७ साली टीएफओएस या अश्रू आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञगटाने घातलेला नियम असा: प्रश्नावलीत त्रास दिसला पाहिजे आणि त्याच्या जोडीला पटल फुटायची वेळ, खारटपणा, ठिपके या तिन्हींपैकी किमान एक बिघडलेलं पाहिजे. २०२५ च्या नव्या अहवालात प्रश्नावली छोटी झाली, पण लक्षणं आणि खुणा दोन्ही हव्यात हा गाभा तोच राहिला.

यानंतर पापण्या. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. डॉक्टर पापणीची कड बोटाने किंवा काडीने दाबून बघतात. निरोगी ग्रंथीतून पारदर्शक, पातळ तेल वर येतं. बिघडलेल्या ग्रंथीतून गढूळ, मग दाणेदार येतं आणि शेवटी काहीच येत नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या मायबोग्राफीत ग्रंथींच्या उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात, जिथे ग्रंथी मेली तिथे काळी मोकळी जागा. गेलेली ग्रंथी परत आणण्याचा भरवशाचा उपाय नाही. म्हणून उरलेल्या लवकर वाचवायच्या.

शेवटी शर्मर. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शर्मर यांनी १९०३ साली मांडलेली ही चाचणी आजही तशीच चालते. ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब फिल्टर कागदाची पट्टी, वरच्या टोकाला खाच. पाकिटातच ती खाचेवर दुमडतात, कारण बोटाचा तेलकटपणा लागला तर कागद नीट भिजत नाही. दुमडलेलं टोक खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवायचं. बुबुळाच्या समोर अडकवलं तर टोचून पाणी येतं आणि आकडा फुगतो. पंखा बंद, डोळे अलगद मिटलेले, ५ मिनिटं. खाचेपासून १० मिमीच्या पुढे भिजलं तर पाणी पुरेसं. ५ मिमी किंवा कमी भिजलं तर पाणी खरंच कमी बनतंय. मधला आकडा बेभरवशाचा, दुसऱ्या दिवशी वेगळा येऊ शकतो. नुसत्या एका शर्मरवरून ‘तुम्हाला ड्राय आय आहे’ किंवा ‘नाही’ असं कुणी सांगितलं तर बाकीच्या तपासण्यांबद्दल जरूर विचारा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे सगळं ऑपरेशनच्या आधी व्हायला हवं. खडबडीत अश्रूपटलावर बुबुळाची गोलाई चुकीची मोजली जाते, त्यावरून लेन्सचा नंबर चुकतो, आणि महागडी लेन्स बसवूनही नजर धूसर राहते. लेसिकमध्ये बुबुळाच्या नसा कापल्या जातात. त्यानंतरचा कोरडेपणा बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, पण आधीपासून कोरडेपणा असणाऱ्याला तो जास्त छळतो.

पायरी चौथी: आपला प्रकार कोणता?

शर्मर चांगला, पटल लवकर फुटतं, पापणीतून घट्ट तेल येतं: तेलाची कमतरता. शर्मर ५ च्या आत, डोळ्यात कडेला साचणारी पाण्याची रेघच दिसत नाही: पाण्याची कमतरता. दोन्ही बिघडलेलं: मिश्र.

पाण्याची कमतरता सापडली तर प्रश्न डोळ्यापुरते ठेवू नका. तोंडाला कोरड पडते का, भाकरी-पोळी गिळायला घोटभर पाणी लागतं का, दात भराभर किडतायत का, सांधे दुखतात का? असेल तर शोग्रेन आजाराची तपासणी करून घ्या; स्वीडिश डॉक्टर हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली तो सविस्तर मांडला. रक्तात अँटी-एसएसए ही प्रतिपिंडं तपासतात, गरज पडली तर ओठाच्या आतल्या लाळग्रंथीचा तुकडा तपासतात, आणि पुढचे उपचार संधिवाततज्ज्ञाबरोबर चालतात. हा आजार प्रामुख्याने बायकांना होतो आणि ‘पाळी जातेय म्हणून होतंय’ या नावाखाली वर्षानुवर्षं दडून राहतो.

एक चौथा गटही आहे. तक्रार भयंकर, ओएसडीआय साठच्या पुढे, आणि डोळा तपासावा तर जवळजवळ स्वच्छ. अशा माणसाला ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवतात, ते चूक आहे. बुबुळाच्या नसाच बिघडलेल्या असू शकतात. डॉक्टर बधिर करणारा थेंब घालून बघतात: दुखणं पूर्ण थांबलं तर मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर, थांबलं नाही तर नसांच्या पुढच्या मार्गावर. हा थेंब घरी कधीही वापरायचा नाही. वारंवार घातला तर बुबुळ विरघळल्यासारखं खराब होतं.

लहान मुलाचे डोळे कोरडे, निस्तेज दिसत असतील, संधिप्रकाशात ते अडखळत असेल, पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग असेल, तर ती ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आहे असं धरून लगेच दवाखाना गाठा. तिथे कृत्रिम अश्रूंचा उपयोग नाही. नवव्या महिन्यात १ लाख युनिट आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट असे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात मिळतात. ते चुकवू नका.

पायरी पाचवी: पहिले सहा आठवडे

हवेपासून सुरुवात करा. एसीचा झोत किंवा टेबलफॅन थेट तोंडावर नको. पुण्यात दुचाकीवर काच वर करून हेल्मेट घालणारे निम्मा फायदा घालवतात. काच खाली हवी. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात बाजूंनीही झाकणारा गॉगल घ्या. अमेरिका, कॅनडात राहणाऱ्यांना हिवाळ्यात घरातल्या हीटरमुळे असाच त्रास होतो, तिथे झोपायच्या खोलीत ह्युमिडिफायर लावून फरक पडतो. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवला की डोळे कमी उघडे राहतात. दर २० मिनिटांनी ६ मीटरवर २० सेकंद बघा, आणि त्या वेळात पापण्या पूर्ण मिटून क्षणभर दाबून धरा, असं पाच-सहा वेळा.

मग शेक. तेलाची तक्रार असेल तर हा मुख्य उपचार आहे आणि बहुतेक जण तो चुकीचा करतात. ग्रंथीतलं तेल थंडीतल्या तुपासारखं थिजलेलं असतं. ते पातळ व्हायला पापणीवर ४० ते ४५ अंश उष्णता ५ ते १० मिनिटं टिकायला लागते. गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, मग पुढची आठ मिनिटं आपण नुसता ओला कपडा डोळ्यावर धरून बसतो. दोन रुमाल आलटून पालटून वापरा किंवा शेकायचा तयार मास्क घ्या. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसला तर डोळ्यावर ठेवायचं नाही. शेक झाल्यावर लगेच, तेल पातळ असतानाच, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने, बोटाने हलकेच दाबत न्या. जोर बुबुळावर येता कामा नये. मग पापणीसाठीच्या वाइपने किंवा डॉक्टरांनी सुचवलेल्या फेसाने केसांची मुळं पुसा. रोज दोनदा, किमान महिनाभर. त्यानंतर एकदा चालतं, पण सोडून दिलं की त्रास परत येतो.

आता थेंब. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, एचपीएमसी, सोडियम हायल्युरोनेट, पॉलिइथिलीन ग्लायकॉल अशी नावं बाटलीवर छापलेली असतात. पाणी कमी असेल तर हायल्युरोनेट किंवा सेल्युलोज, तेल कमी असेल तर स्निग्धांश मिसळलेले थेंब, असा ढोबळ नियम. ब्रँडच्या नावापेक्षा परिरक्षक बघणं जास्त कामाचं. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे सर्रास वापरलं जाणारं परिरक्षक पेशींना इजा करतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षकविरहित घ्या. महाग पडतात, खरं आहे, पण दिवसाला सहा वेळा बेंझाल्कोनियम घालून डोळा सुधारेल ही आशा सोडून द्या. रात्री जेल किंवा मलम. ते लावल्यावर धूसर दिसतं म्हणून झोपतानाच.

थेंब घालायची पद्धत: हात धुवा, खालची पापणी ओढून खोबण करा, बाटलीचं टोक कशालाही न लावता एकच थेंब टाका. डोळ्यात एका थेंबाएवढीच जागा असते, दुसरा गालावर जातो. डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर हलकेच दाबा. दोन वेगळ्या औषधांत ५ ते १० मिनिटं अंतर, मलम नेहमी शेवटी. साधारण बाटली फोडल्यावर महिन्याने फेकायची, छोटी कुपी त्याच दिवशी. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहून ठेवा. हा नुसता काटेकोरपणा नाही. २०२३ साली अमेरिकेत भारतात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांतून औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला, त्यात काहींची दृष्टी गेली आणि काही जण दगावले. बाटली गढूळ दिसली, सील सैल असलं, तर पैशाकडे बघू नका.

काय घालायचं नाही? लाली घालवणारे नॅफाझोलिनचे थेंब, कारण औषध उतरलं की डोळा आधीपेक्षा लाल होतो. मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेले स्टेरॉइडचे थेंब, कारण दोन दिवसांत बरं वाटतं आणि महिनोन्‌महिने वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. गुलाबपाणी, मध, तूप, कांद्याचा रस, सुरमा, यातलं काहीही निर्जंतुक नसतं. आयुर्वेदातलं नेत्रतर्पण करायचंच असेल तर शिकलेल्या वैद्याकडे, नेत्रतज्ज्ञाला सांगून. घरच्या तुपाची वाटी डोळ्यावर उपडी करून नाही.

ओमेगा-३ च्या कॅप्सूल जवळजवळ प्रत्येकाला सुचवल्या जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ड्रीम या मोठ्या अभ्यासात रोज ३००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही. मासे, जवस खात असाल तर खा. कॅप्सूलवर खर्च करण्याआधी तोच पैसा परिरक्षकविरहित थेंबांवर घाला, असं मी सांगेन.

पायरी सहावी: एवढ्याने भागलं नाही तर

इथून पुढचं सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. दाह शमवायला दोन-चार आठवडे सौम्य स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीने सायक्लोस्पोरिनचे थेंब, ही नेहमीची सुरुवात. सायक्लोस्पोरिनबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असल्या तर ते अर्ध्यावर सुटत नाही: घातल्यावर जळजळतं, आणि परिणाम दिसायला ३ ते ६ महिने लागतात. ‘पंधरा दिवस घातलं, काही उपयोग नाही’ असं म्हणून सोडलेलं औषध म्हणजे बहुतेकदा हेच. काही ठिकाणी लिफिटेग्रास्ट हे दाह कमी करणारे दुसरे थेंब देतात; त्याने तोंडात थोडा वेळ विचित्र चव येते.

तेलग्रंथींसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन देतात. जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करणं हा त्यात हेतू असतो. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात आणि लहान मुलांना चालत नाही. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही. डेमोडेक्स निघाला तर टी-ट्री तेलाचे सौम्य वाइप. शुद्ध तेल डोळ्याजवळ नेऊ नका, बुबुळ भाजतं. अमेरिकेत २०२३ पासून यासाठी लोटिलानरचे थेंबही मिळतात, दिवसातून दोनदा सहा आठवडे.

दवाखान्यात ग्रंथी यंत्राने तापवून पिळणं आणि आयपीएल (पापण्यांजवळच्या त्वचेवर तीव्र प्रकाशाचे झोत मारणं) हे महागडे उपचार आहेत. आयपीएल घेण्याआधी आपल्या त्वचेच्या रंगाचा प्रश्न नक्की काढा: सावळ्या त्वचेला भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका जास्त असतो आणि गडद रंगावर हा उपचार करत नाहीत. मायबोग्राफीत ग्रंथीच उरल्या नसतील तर दोन्हींचा फायदा मर्यादित राहतो.

पाणीच कमी असेल तर अश्रू वाहून नेणाऱ्या भोकात सिलिकॉनचं बारीक बूच बसवतात. पाच मिनिटांचं काम. पण आधी दाह आटोक्यात हवा, नाहीतर दाहकारक अश्रूच डोळ्यात साठून राहतात. त्याहून तीव्र असेल तर स्वतःच्या रक्तातून काढलेल्या सीरमचे (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाचे) थेंब, बहुधा २० टक्के तीव्रतेचे. ते फ्रिजमध्येच ठेवायचे. प्रवासाला जाताना बर्फाची सोय करावी लागते, हे आधी कुणी सांगत नाही. औषधांच्या रिॲक्शनने होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन आजारानंतर डोळे पार सुकतात; अशा रुग्णांना बुबुळावर द्रवाचा साठा धरून ठेवणारी स्क्लेरल लेन्स मोठा दिलासा देते.

पुन्हा मोजणं

सहा आठवड्यांनी ओएसडीआय पुन्हा भरा, जुना कागद न बघता. त्रास सौम्य किंवा मध्यम असताना साधारण ५ ते ७ गुणांनी आकडा उतरला तर खरी सुधारणा. तीव्र असताना ७ ते १३ गुणांचा उतार हवा. दोन-तीन गुण इकडेतिकडे म्हणजे त्या आठवड्याची हवा. सायक्लोस्पोरिन सुरू असेल तर तीन आणि सहा महिन्यांनी पटल फुटायची वेळ आणि ठिपके दवाखान्यात पुन्हा बघून घ्या, शक्यतो त्याच ठिकाणी आणि दिवसाच्या त्याच वेळी. बऱ्याचदा आधी ठिपके कमी होतात आणि तक्रार नंतर. कधी उलटंही होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. शेक, नवे थेंब आणि गोळी एकाच सोमवारी सुरू केली तर गुण कशाचा आला हे कळणार नाही, आणि पुढे खर्च कमी करायची वेळ आली की काय बंद करावं तेही ठरवता येणार नाही. आकडा दोनदा सलग खाली आला की दिवसाचे थेंब सहावरून चारवर आणा, दोन आठवडे थांबा, पुन्हा मोजा. शेक आणि पापण्यांची सफाई सगळ्यात शेवटी कमी करायची, आणि मार्चच्या उन्हाआधी किंवा ऑफिसचं एसी बदललं की पुन्हा दिवसातून दोनदा.